वीजमापनातील वेळेचे भान



बडोद्याच्या गोरवा औद्योगिक वसाहतीतील मोटार असो वा शेतातील पंप, त्याने किती वीज वापरली हे ठरविताना दाब व प्रवाह यांची मापे एकाच क्षणाची असावी लागतात. पुष्कळ मापनयंत्रांत मात्र संकेताचे अंकांत रूपांतर करणारा परिवर्तक एकच असतो. तो वाहिन्या एकीमागून एक वाचतो. मध्ये सेकंदाचा दहाहजारावा भाग गेला, तरी ५० आवर्तनांच्या विजेत १.८ अंशांचा फरक पडतो. शक्तिगुणक ०.५ असल्यास शक्तीच्या मापनात सुमारे साडेपाच टक्के चूक होते, व ती ग्राहकाच्या देयकात उतरते.

दोष शोधण्यासाठी एकच संकेत दोन्ही वाहिन्यांना द्यावा. वाचने मागेपुढे आली, तर दोष विजेत नसून वाचनक्रमात आहे, हे सिद्ध होते. हे अंतर नेहमी सारखे असेल, तर ते गणिताने दुरुस्त करता येते. ते बदलत असेल, तर वाचनाची आज्ञा संगणकाच्या सवडीवर न सोपविता घड्याळाच्या ठोक्याशी बांधावी.

किती मोजले याइतकेच केव्हा मोजले हेही महत्त्वाचे आहे. तंत्रशाळांतील शिक्षकांनी हा प्रयोग विद्यार्थ्यांकडून अवश्य करवून घ्यावा.