न उच्चारलेली अक्षरे आणि आपली नावे
(देवनार येथील वार्षिक स्नेहसंमेलनात केलेले भाषण)



ज्या देवनारात आपण जमलो आहोत, त्याच्या नावातील ‘व’ इंग्रजी लेखनात आढळत नाही. त्याच्या जागी ‘ओ’ येऊन बसला आहे. परगावचा पाहुणा ते ‘देओनार’ असे वाचतो. जवळच्या शीवचे तर इंग्रजीत ‘सायन’ झाले आणि ‘मुंबई बेटाची सीमा’ हा अर्थच लोपला.

पूर्वी शींव, गांव, नांव हे शब्द अनुस्वार देऊन लिहीत. ते टिंब बहुतेकांच्या उच्चारात उरले नव्हते. तरी ते निरर्थक नव्हते. सीमा, ग्राम, नाम या मूळ शब्दांतील ‘म’काराची ती खूण होती. मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम शासनाने १९६२ साली मान्य केले आणि असे अनुच्चारित अनुस्वार गेले. मुलांचा भार हलका झाला, हे योग्यच झाले; परंतु त्या टिंबामागील इतिहास ठाऊक असावा, असे आम्हांस वाटते.

नावांचेही तसेच आहे. लोकमान्य टिळकांचे मूळ नाव केशव. परंतु घरातले ‘बाळ’ हेच जगाने उचलले. जोतीरावांच्या घराण्याचे आडनाव गोऱ्हे. फुलांच्या व्यवसायावरून ते फुले झाले. डेबूजी जानोरकर तर जवळच्या गाडग्यावरून गाडगेबाबा म्हणून वंद्य ठरले.

आपल्या पूर्वजांतही धोंडू, दगडू, भिकाजी, केरू अशी नावे असत. मुले जगत नसत, तेव्हा दृष्ट लागू नये म्हणून आईबाप जाणूनबुजून हलके नाव ठेवीत. आज नातू तेच नाव इंग्रजी आद्याक्षरात लपवितो! त्या नावात एका मातेचे भय आणि नवस साठविलेले आहेत, हे त्यास कोणी सांगितलेलेच नसते.

म्हणून आमच्या दोन विनंत्या आहेत. घरातील सर्वांनी आडनावाचे इंग्रजी लेखन एकच ठेवावे. बापलेकांच्या कागदपत्रांत एका अक्षराचा फरक पडला, तरी वारसाच्या कामी हेलपाटे घालावे लागतात. दुसरे, वडीलधारी मंडळी आहेत तोवर आजे-पणज्यांची नावे व टोपणनावे कारणांसह लिहून घ्यावीत आणि पुढील स्मरणिकेकडे पाठवावीत. गेलेले टिंब जुन्या पुस्तकांत तरी सापडेल. घरातील हकीकत वृद्धांबरोबर गेली की पुन्हा सापडावयाची नाही.