विस्मृतीविरुद्ध रोखलेला कॅमेरा

चिलीमध्ये १९७० साली साल्वादोर अ‍ॅलेंदे यांचे सरकार मतपेटीच्या मार्गाने सत्तेवर आले आणि १९७१ साली अमेरिकन कंपन्यांच्या ताब्यातील तांब्याच्या मोठ्या खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याच वर्षी माद्रिदमध्ये चित्रपटकला शिकलेले पात्रिसियो गुझ्मान मायदेशी परतले. घडत असलेल्या इतिहासाचे चित्रण करणे हेच त्यांनी आपले कार्य मानले.

या कार्यासाठी लागणारी कच्ची फिल्मही देशात मिळेनाशी झाली होती. फ्रेंच दिग्दर्शक क्रिस मार्कर यांनी ती युरोपातून पाठविली. मूठभर सहकाऱ्यांसह गुझ्मान कारखान्यांत, सभांत, रस्त्यांवर फिरले. विशेष हे की, त्यांनी केवळ श्रमिकांचेच म्हणणे टिपले नाही. सरकारच्या विरोधकांपुढेही ध्वनिक्षेपक धरला आणि त्यांना मनमोकळे बोलू दिले. प्रतिगामी शक्ती कशा विचार करतात, कशा संघटित होतात, हे त्यांच्याच तोंडून ऐकल्यावर वेगळ्या आरोपपत्राची गरज उरत नाही.

११ सप्टेंबर १९७३ रोजी लष्कराने सत्ता बळकावली. गुझ्मान यांना सांतियागोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये डांबण्यात आले. सुटकेनंतर त्यांनी देश सोडला. चित्रित केलेली रिळे स्वीडिश वकिलातीच्या साहाय्याने गुप्तपणे देशाबाहेर गेली आणि क्यूबाच्या चित्रपट संस्थेत त्यांचे संकलन झाले. त्यातून ‘चिलीची लढाई’ हा अनुबोधपट १९७५ ते १९७९ या काळात तीन भागांत सिद्ध झाला. परंतु ज्यांच्या कॅमेऱ्याने तो टिपला, त्या होर्हे म्युलर सिल्वा यांना नोव्हेंबर १९७४ मध्ये गुप्त पोलिसांनी पकडून नेले. ते परत आले नाहीत. चित्रपट त्यांनाच अर्पण केलेला आहे.

पुढे फ्रान्समध्ये स्थायिक झालेल्या गुझ्मान यांच्यापुढे नवा प्रश्न उभा राहिला: देश दुरावल्यावर त्याचे सत्य कसे सांगावे? १९९७ च्या ‘चिली, हट्टी स्मृती’मध्ये त्यांनी जुना चित्रपट मायदेशातील तरुणांना दाखविला. चित्रपट संपला तेव्हा काही तरुणांना अश्रू आवरेनात. २०१० च्या ‘प्रकाशाची ओढ’मध्ये अटाकामाच्या वाळवंटात खगोलशास्त्रज्ञ दूरच्या ताऱ्यांचा प्राचीन प्रकाश शोधतात आणि त्याच वाळूत स्त्रिया आपल्या नाहीशा केलेल्या आप्तांची हाडे शोधतात. दोघांचाही शोध भूतकाळाचाच. पण एकाला दुर्बिणी लाभल्या, दुसऱ्याला केवळ फावडी.

कॉम्रेड्स, हुकूमशाही प्रथम माणसे नाहीशी करते आणि नंतर त्यांची आठवण. पहिल्या गुन्ह्यापुढे कॅमेरा हतबल ठरला. दुसरा गुन्हा मात्र त्याने पुरा होऊ दिला नाही. पराभवातून शिकू इच्छिणाऱ्या चळवळीने तो पराभव आधी उघड्या डोळ्यांनी पाहिला पाहिजे. अर्धशतकाहून अधिक काळ परभूमीवरून या कलावंताने चालविलेल्या कार्याचे मोल यातच आहे.