एकट्याची वाट

तेलंगणाच्या आदिलाबाद जिल्ह्यात, महाराष्ट्राच्या सीमेजवळ, तामसी हे गाव आहे. हा सारा टापू काळ्या जमिनीचा आणि कापसाचा. इथल्या बाजारात तेलुगू, मराठी आणि गोंडी अशा तिन्ही भाषा कानी पडतात, आणि बोलणाऱ्याला आपण एका भाषेतून दुसरीत केव्हा गेलो याचे भानही राहत नाही. उत्तरेला पैनगंगा आहे. पश्चिमेला किनवट, आणि किनवटच्या पुढे डोंगरावर माहूर. 1956 सालच्या नोव्हेंबरात भाषावार राज्यरचना झाली, तोपर्यंत किनवट आदिलाबाद जिल्ह्यातच मोडत होते. पुढे किनवट नांदेड जिल्ह्यात गेले आणि तामसी आंध्र प्रदेशात राहिली. 2014 साली तेलंगण झाले आणि तामसी त्यात आली. राज्यांच्या सीमा अशा हलल्या, परंतु माहूरची वाट काही हलली नाही. रेणुकेच्या आणि दत्ताच्या दर्शनाला जाणारा माणूस आजही त्याच दिशेला तोंड करून घराबाहेर पडतो.

अशा गावातील एक गृहस्थ कल्पनेने डोळ्यांपुढे आणावा. वय पन्नाशीच्या पुढचे. मुले हाताशी आलेली. शेत, बैलबारदाना, देणेघेणे सारे यथास्थित. मार्गशीर्षात दत्तजयंती येते. त्याच सुमारास शेतात कापूस फुटलेला असतो आणि वेचणीला माणसे मिळता मिळत नाहीत. नेमक्या अशा वेळी हा गृहस्थ म्हणतो, की माहूरला पायी जातो, आणि एकटाच जातो. त्याची पत्नी साहजिकच विचारते, "अहो, एकटेच कशाला जाता? जीपगाडी आहे, रेल्वे आहे, आणि पायीच जायचे तर चार माणसांबरोबर जा." तो यावर समाधानकारक उत्तर देऊ शकत नाही. त्याला एवढेच कळते, की गेली तीस वर्षे आपण कोणाचे तरी कोणीतरी म्हणून जगलो. ही सारी नाती बाजूला ठेवल्यावर मागे काय उरते, ते एकदा पाहावे.

ही इच्छा चमत्कारिक वाटते, कारण मराठी माणसाची पायी यात्रेची कल्पना समूहाची आहे. वारी म्हटली की दिंडी आली, वीणेकरी आला, टाळकरी आले. आळंदीहून पंढरपूरला निघणाऱ्या पालखी सोहळ्यात कोणी कोणाच्या पुढे चालावे, विसावा कुठे घ्यावा, कोणता अभंग केव्हा म्हणावा, हे सारे ठरलेले असते. त्या शिस्तीतच वारीचे सामर्थ्य आहे. माणूस तिथे आपले मीपण समुदायात विरघळवून टाकतो. एकट्याने चालणाऱ्याला ही सोय नाही. त्याला आपले मीपण खांद्यावर घेऊनच चालावे लागते, आणि त्याचे वजन किती आहे हे त्याला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी कळते.

तथापि एकट्याची वाट आपल्याकडे नवी नाही. मराठीतील आद्य गद्य ग्रंथ म्हणून ज्याचा गौरव होतो, त्या लीळाचरित्राचे तीन भाग आहेत: एकांक, पूर्वार्ध आणि उत्तरार्ध. यांपैकी पहिला भाग म्हणजे श्रीचक्रधरांच्या एकाकी भ्रमंतीचा काळ. भोवती शिष्यपरिवार जमण्यापूर्वी ते एकटे फिरले. त्या भ्रमंतीत ते आंध्रदेशातही गेले होते, असे हा ग्रंथ सांगतो. म्हणजे मराठी गद्याने बोलायला सुरुवात केली तीच मुळी एकट्याने चालणाऱ्या माणसाची हकिकत सांगत. पुढे महानुभाव पंथात अटन, म्हणजे एका जागी आसक्त न होता फिरत राहणे, हा साधकाच्या आचाराचाच एक भाग ठरला.

अलीकडच्या काळातील उदाहरण श्रीवासुदेवानंद सरस्वतींचे, म्हणजे टेंबेस्वामींचे. 1854 साली सावंतवाडीजवळच्या माणगावी जन्मलेल्या या पुरुषाने प्रथम संसार केला आणि पत्नीच्या निधनानंतर 1891 साली संन्यास घेतला. त्यानंतर वाहनाचा त्याग करून ते पायी फिरत राहिले. चातुर्मासापुरते एका गावी राहावे आणि तो संपताच उठून चालू लागावे, असा त्यांचा क्रम होता. 1914 साली नर्मदाकाठी गरुडेश्वर येथे त्यांनी देह ठेवला.

नर्मदेचा उल्लेख आला म्हणजे परिक्रमेचा विचार ओघानेच येतो. नर्मदा 1312 किलोमीटर लांबीची. तिला उजव्या हाताला ठेवून एका काठाने जायचे, समुद्राशी वळसा घ्यायचा आणि दुसऱ्या काठाने परतायचे. मध्ये तिचे पात्र ओलांडायचे नाही. परंपरेप्रमाणे ही परिक्रमा तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांची. पैशाचा संग्रह करायचा नाही. जे सदावर्तात किंवा भिक्षेत मिळेल त्यावर निर्वाह करायचा. गो. नी. दांडेकरांनी या परिक्रमेच्या अनुभवावर जी कादंबरी लिहिली, तिचे नाव ‘कुणा एकाची भ्रमणगाथा’ असे आहे. ‘कुणा एकाची’ या शब्दांत मोठा अर्थ भरला आहे. चालणाऱ्याचे नाव तिथे महत्त्वाचे उरत नाही. काठावरच्या गावांत त्याला कोणी नावाने ओळखत नाही. तो केवळ परिक्रमावासी असतो.

तामसीच्या गृहस्थाला याच गोष्टीचा प्रत्यय लहान प्रमाणावर येतो. संध्याकाळी तो एखाद्या खेड्यात पोहोचतो आणि देवळाच्या ओट्यावर टेकतो. गावकरी येतात आणि विचारतात, "कोण तुम्ही? कुठले?" पहिल्या दिवशी तो सविस्तर उत्तर देतो: नाव, आडनाव, गाव, जमीन किती, मुलगा काय शिकला, भावकी कोणती. ऐकणारे मान डोलवतात. परंतु त्यांना त्यात फारसे स्वारस्य नसते. त्यांना एवढेच जाणून घ्यायचे असते, की या माणसाला जेवू घालायचे आहे की नाही आणि तो निजणार कुठे. दुसऱ्या दिवशी उत्तर थोडे आखूड होते. तिसऱ्या दिवशी तो म्हणतो, "तामसीचा. माहूरला चाललो." आणि तेवढे पुरते. तीस वर्षे जपलेला सारा परिचय दोन वाक्यांत आटोपला, आणि तरीही भाकरी मिळाली, ही जाणीव त्याला प्रथम बोचते आणि मग हलके करते.

भाकरी मागणे हा या वाटेवरील सर्वांत अवघड धडा आहे. ज्याच्या दारी मजूर उभे राहत, तो आता दुसऱ्याच्या दारी उभा राहतो. दार कधी मराठी बोलणाऱ्याचे असते, कधी तेलुगू, कधी गोंडाचे. आपण कोणाच्या घरचे खातो आणि कोणाच्या घरचे टाळतो, याचा हिशोब माणसाच्या मनात आयुष्यभर गुपचूप चाललेला असतो. गावात तो उघड होत नाही, कारण तिथे निवड करायला वाव असतो. भूक लागलेल्या एकट्या पांथस्थाला निवड नसते. एखाद्या दाराशी आपले पाऊल का अडखळले, हे त्याला त्या क्षणी स्वच्छ दिसते. आत्मशोध या भारदस्त शब्दाचा व्यवहारातला अर्थ बहुधा हाच असावा. आपल्याविषयी जे ऐकायला आवडत नाही, ते सांगणारे दुसरे कोणी सोबत नसताना स्वतःच ऐकणे.

मग एकटा माणूस खरोखर एकटा असतो काय? जपानमधील शिकोकू बेटावर 88 मंदिरांची एक प्राचीन यात्रा आहे. सुमारे 1200 किलोमीटरचा तो फेरा. अनेक यात्रेकरू तो एकट्यानेच करतात. परंतु त्यांच्या पांढऱ्या वस्त्रांवर आणि टोपीवर जे शब्द लिहिलेले असतात, त्यांचा भावार्थ ‘दोघे मिळून चाललो आहोत’ असा आहे. दुसरा सोबती म्हणजे कोबो दाइशी, ज्याच्या स्मरणार्थ ही यात्रा होते. हातातली काठी त्याचेच रूप मानतात, म्हणून मुक्कामी पोहोचल्यावर आधी काठीचे टोक धुवायचे आणि मग आपले पाय. दत्तसंप्रदायातील माणसाला हे समजावून सांगावे लागणार नाही. दत्त हा मुळातच फिरता देव. कोल्हापुरास भिक्षा मागतो आणि माहुरास निद्रा करतो, अशी श्रद्धा आहे. जो देव स्वतः रोज इतका चालतो, त्याच्या वाटेवर कोणी एकटा कसा असेल?

चालणाऱ्याला काय सापडेल, हे मात्र निघताना ठाऊक नसते. याचे उदाहरण आदिलाबादच्याच रस्त्यावर घडले. 1951 सालच्या मार्चमध्ये विनोबा वर्ध्याकडून हैदराबादजवळच्या शिवरामपल्लीला सर्वोदय संमेलनासाठी पायी निघाले. त्यांचा मार्ग याच जिल्ह्यातून गेला. ते एकटे नव्हते. सोबत मोजकी मंडळी होती. परंतु वाहन आणि पैसा त्यांनी दूर ठेवला होता. भूदान हा शब्द तेव्हा त्यांच्या यात्रेत नव्हता. 18 एप्रिल 1951 रोजी पोचमपल्लीत भूमिहीनांनी जमीन मागितली, गावातील एका जमीनदाराने शंभर एकर देऊ केली, आणि मग त्या चालण्याला हेतू मिळाला. हेतू आधी ठरवून ते मोटारीने गेले असते, तर संमेलन झाले असते. पोचमपल्ली झाली असती की नाही, कोण सांगेल?

यावरून एकट्याने निघून जाणे हीच श्रेष्ठ साधना, असे कोणी समजू नये. या वाटेवर एक मोठा खड्डा आहे, तो अहंकाराचा. ‘मी चाललो, मी सोसले’ असे जो परतल्यावर पारावर बसून सांगत राहतो, त्याचे मीपण वाटेत झिजले नाही, उलट पोसले. दुसरे असे, की त्याच्या मागे कापूस वेचला गेला, गुरे पाण्यावर नेली गेली, दारी आलेल्या सावकाराला उत्तर दिले गेले. हे ज्यांनी केले, त्यांनीही एक यात्रा केली. तिला कोणी यात्रा म्हटले नाही इतकेच. घरच्या बाईला असे एकटीने निघण्याची मुभा मिळते काय, हाही प्रश्न त्या गृहस्थाने वाटेत स्वतःला विचारला पाहिजे. तो विचारला नाही, तर त्याचा शोध अर्धाच राहिला.

भागवताच्या अकराव्या स्कंधात अवधूताने चोवीस गुरू सांगितले आहेत. परंपरा त्या अवधूताला दत्तच मानते. एकनाथमहाराजांनी 1573 साली काशीत पूर्ण केलेल्या आपल्या टीकेत ही कथा मराठीत विस्ताराने आणली. त्या गुरूंत एक कुमारी आहे. घरची माणसे बाहेर गेलेली, आणि अशात तिला मागणी घालायला पाहुणे आले. त्यांच्यासाठी ती धान कांडू लागली, तेव्हा हातातील कांकणे वाजू लागली. घरचे दैन्य पाहुण्यांना कळू नये म्हणून ती एकेक कांकण कमी करत गेली. दोन उरली तरी आवाज होईना असे नाही. एकच उरले, तेव्हा हात शांत झाला. अवधूत यावरून एकटे राहण्याचा धडा घेतो, आणि तो सर्वश्रुत आहे.

परंतु त्या कथेतील एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. ती मुलगी घर सोडून गेली नाही. कांडण तिने थांबवले नाही. एकेक कांकण उतरवले ते दारी आलेल्या माणसांना नीट जेवू घालता यावे म्हणून. तिचे एकटेपण हे कामापासून सुटण्यासाठी नव्हते. काम गाजावाजा न करता व्हावे यासाठी होते.

तामसीचा गृहस्थ माहूरच्या शिखरावर पोहोचतो, दर्शन घेतो आणि परत फिरतो. घरी येतो तेव्हा वेचणी अजून संपलेली नसते. पत्नी विचारते, "काय मिळाले?" तो काही सांगत नाही, पाय धुतो, भाकरी खातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शेतात जाऊन वेचणाऱ्यांच्या ओळीत उभा राहतो. संध्याकाळी दाराशी एखादा पायी चाललेला अनोळखी माणूस येतो. त्याला "कोण तुम्ही? कुठले?" असे न विचारता, तो आधी पाण्याचा तांब्या पुढे करतो. यात्रा सफल झाली की नाही, हे ओळखण्याची याहून वेगळी खूण नाही.