सुट्टीला आलेली लेक



मी सातवी शिकलेली, बोलण्याची सवय नाही. चुकले तर सांभाळून घ्या.

माझी मुलगी पुण्यास कॉलेजात असते. २०२४ च्या मे महिन्यात ती घरी आली, तेव्हा माझ्या कुरडयांची गडबड होती. तीन दिवस भिजविलेले गहू वाटून चीक काढला, रात्रभर निवळू दिला, पहाटे शिजविला आणि तिला सोऱ्या धरायला बसविले. तेवढ्यात दारच्या उंबरावर तांबट टुकटुक करू लागला. हिला पाखरांची चित्रे काढण्याचा भारी नाद! ती वही घेऊन उठलीच. मी रागावले, "चीक गार होतोय नि तुला पाखरे सुचतात!"

ती म्हणाली, "आई, दादाही सुट्टीलाच आलाय. तो झोपलाय, त्याला कोणी उठवीत नाही."

मला उत्तर सुचेना. लहानपणी मीही रांगोळ्यांची वही केली होती. अशाच कामांच्या रगाड्यात ती कुठे गेली, कळलेही नाही.

उरलेला चीक दुसऱ्या दिवशी शिजविला, तेव्हा सोऱ्या मुलाच्या हाती दिला. कुरडया वाकड्यातिकड्या झाल्या, पण तळल्यावर तितक्याच फुलल्या. तांबटाचे चित्र आमच्या ओटीवर लावले आहे. येईल तिने जरूर पाहावे.