वाहता कान आणि वर्गातील मूल



केदारखेड्यासारख्या पूर्णाकाठच्या गावी पावसाळा लागला की लहान वर्गांत सर्दी-पडसे येते आणि त्यामागोमाग काही मुलांचे कान वाहू लागतात. खेड्यात यासच ‘कान फुटला’ असे म्हणतात. ठणका चार दिवसांत निवतो. पू मात्र अधूनमधून येतच राहतो. घरची माणसे म्हणतात, “गुरुजी, मोठा झाला की आपोआप थांबंल.” या समजुतीपायी पुष्कळ मुलांचे नुकसान होते.

मधल्या कानापासून घशापर्यंत एक बारीक नळी असते. लहान मुलांत ती आखूड व जवळजवळ आडवी असल्याने नाकाघशातील जंतू कानात सहज शिरतात. सर्दीने नळी सुजली म्हणजे आत पाणी साचते, त्याचा पू होतो आणि दाबाने पडदा फाटतो. चुलीचा व विडीचा धूर, तसेच निजवून बाटलीने दूध पाजणे यांनी विकार बळावतो. बहुधा पडदा पुन्हा सांधतो; परंतु पू दोन आठवडे वाहत राहिला तर दुखणे जुने झाले असे समजावे. त्यातून ऐकणे मंदावते.

शाळेचा संबंध येथेच येतो. कमी ऐकणारे मूल तसे सांगत नाही, कारण इतरांस किती ऐकू येते हे त्यास ठाऊक नसते. ते हाकेला ओ देत नाही, श्रुतलेखनात भलताच शब्द लिहिते, शेजाऱ्याच्या वहीत डोकावते. सर्दी असता त्यास कमी ऐकू येते, ती उतरली की बरे; म्हणून ‘हवे तेव्हा ऐकतो’ असाही ठपका त्याजवर येतो. मग कान पिळला जातो. म्हणजे ज्या अवयवास उपचार हवा, त्यासच शिक्षा होते! कानावर बसलेल्या चपराकेने निरोगी पडदाही फाटू शकतो. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शारीरिक शिक्षेस मनाई केली, तिचे महत्त्व येथे विशेष जाणवते.

शंका येताच शिक्षकाने साधी पारख करावी. मुलाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहावे. त्यास एक कान तळहाताने झाकावयास सांगून ‘बैल’, ‘सात’, ‘घर’ असे शब्द कुजबुजावे व ते परत म्हणवून घ्यावे. नंतर दुसरा कान पाहावा. शब्द वारंवार चुकले, तर मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठविणे अवश्य आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक शाळेत तपासणीस येते, तेव्हा अशा मुलांची यादी तयार असावी. मात्र वाहता कान पथकाची वाट पाहत ठेवू नये.

पालकांशी बोलताना दोष देऊ नये. “ताई, कानात तेल किंवा पाल्याचा रस घालू नका, काडीने कोरू नका. उद्याच दवाखान्यात न्या, बुडालेला धडा मी करून घेईन,” एवढे आपुलकीने सांगितले तर आई ऐकते. बाहेर आलेला पू स्वच्छ, मऊ सुती कापडाच्या वातीने टिपावा व दर वेळी नवी वात घ्यावी. कान वाहत असता नदीत वा विहिरीत डुंबू देऊ नये. थेंब डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घालावेत. कानामागे सूज, तीव्र ताप, वांत्या, चक्कर, मान ताठरणे वा तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही दिसल्यास त्याच दिवशी भोकरदनच्या किंवा जालन्याच्या शासकीय रुग्णालयात न्यावे.

उपचार चालू असता मुलास पुढच्या ओळीत, बरा कान शिक्षकाकडे येईल असे बसवावे. फळ्याकडे तोंड करून न बोलता वर्गाकडे वळून बोलावे.

तात्पर्य, मूल ऐकत नाही असे म्हणण्यापूर्वी त्यास ऐकू येते काय, हे पाहणे हे शिक्षकाचे पहिले कर्तव्य होय.