पराभवातील मतांची मोजणी



निवडणुकीतील पराभव म्हटला की आपल्या समाजाला १९५२ साल आठवते. त्या वर्षी लोकसभेच्या निवडणुकीत मुंबईत नारायण काजरोळकर यांनी परमपूज्य बाबासाहेबांचा सुमारे साडेचौदा हजार मतांनी पराभव केला. १९५४ साली भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीतही बाबासाहेबांना अपयश आले. ही सल आपल्या वडीलधाऱ्यांनी आयुष्यभर उरी बाळगली. परंतु त्याच मुंबईत एक लाख तेवीस हजारांहून अधिक मते बाबासाहेबांच्या पारड्यात पडली होती, हे आपल्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? पराभवाचे अंतर आपण पाठ केले. मिळालेली मते मोजायची राहून गेली.

ही सवय आपण सातासमुद्रापलीकडेही घेऊन आलो. काही वर्षांपूर्वी माझ्या मुलीने येथील शाळा मंडळाची निवडणूक लढविण्याची इच्छा व्यक्त केली. “हरलीस तर चार लोकांत तोंड कसे दाखवायचे?” असे मी तिला म्हणालो. तिने अर्ज भरला नाही. त्या एका वाक्याची खंत मनात ठेवूनच आज मी आपल्यापुढे उभा आहे.

या देशात पराभव ही पुष्कळदा पुढाऱ्याची पहिली शाळा ठरते. २००० साली बराक ओबामा शिकागोतून प्रतिनिधिगृहाच्या जागेसाठी डेमोक्रॅटिक पक्षांतर्गत निवडणुकीत उतरले. विद्यमान सदस्य बॉबी रश यांनी त्यांच्या दुप्पट मते घेतली. तेच ओबामा २००४ साली सिनेटवर आणि २००८ साली राष्ट्राध्यक्षपदी निवडून आले.

आपल्या मायबोलीतले उदाहरण बेळगावात वाढलेल्या श्री ठाणेदार यांचे. २०१८ साली मिशिगनच्या गव्हर्नरपदासाठी पक्षांतर्गत निवडणुकीत ते तिसऱ्या क्रमांकावर राहिले. त्या प्रचाराने त्यांचे नाव मात्र डेट्रॉइटच्या घराघरांत पोहोचले. पुढे ते त्याच शहरात राहावयास गेले, २०२० साली राज्याच्या विधिमंडळावर आणि २०२२ साली प्रतिनिधिगृहावर निवडून आले. या प्रवासाच्या दोन बाजू आपण विसरता कामा नये. २०१८ च्या प्रचारात त्यांनी पदरचे सुमारे एक कोटी डॉलर खर्च केले होते. आणि २०२२ च्या निकालानंतर जवळजवळ सात दशकांत प्रथमच डेट्रॉइटला प्रतिनिधिगृहात कृष्णवर्णीय सदस्य उरला नाही. तेथील कृष्णवर्णीय बांधवांची व्यथा आपण नाही समजून घ्यायची तर कोणी?

मग ज्यांच्यापाशी पैसा नाही, त्यांनी पराभवातून काय मिळवावे? याचे उत्तर आपल्याच चळवळीत आहे. मान्यवर कांशीराम यांनी १४ एप्रिल १९८४ रोजी बहुजन समाज पक्ष स्थापन केला. त्याच वर्षी बहन मायावती कैराना येथून लढल्या व हरल्या. मते सुमारे ४४ हजार. १९८५ साली बिजनौरच्या पोटनिवडणुकीत हरल्या. मते सुमारे ६१ हजार. १९८७ साली हरिद्वारच्या पोटनिवडणुकीत हरल्या. मते सुमारे सव्वा लाख. १९८९ साली त्याच बिजनौरने त्यांना लोकसभेत पाठविले आणि १९९५ साली त्या उत्तर प्रदेशच्या मुख्यमंत्री झाल्या. कांशीरामजी स्वतःही १९८४ साली जांजगीरला आणि १९८८ साली अलाहाबादला पराभूत झाले. १९९१ साली इटावा येथून लोकसभेत गेले. प्रत्येक निवडणुकीत नवे कार्यकर्ते उभे राहत, कोणती वस्ती आपल्याबरोबर आहे हे कळे आणि आपले मत वाया जात नाही हा विश्वास मतदाराला येई.

बंधू-भगिनींनो, पराभव आपोआप कोणाला मोठे करीत नाही. निकालाच्या रात्री जो दार लावून बसला, त्याची मते विखुरतात. दुसऱ्या दिवशी आभार मानावयास जो त्याच दारांवर गेला, त्याची पुढील निवडणूक त्याच दिवशी सुरू होते. शाळा मंडळ असो वा नगर परिषद, हा हिशेब सर्वत्र सारखाच आहे.

माझ्या मुलीने हा विषय पुन्हा काढला, तर मी तिला एवढेच विचारणार आहे, “किती घरी जायचे ठरवले आहेस? चल, मी बरोबर येतो.”