आधी तिला विचारा

जगाच्या आरोग्याच्या योजना आपल्या तालुक्यापर्यंत येतात त्या लग्नातल्या आहेरासारख्या. देणाऱ्याने आपल्या सोयीने घेतलेलं, माइकवर नाव पुकारलेलं, वहीत लिहिलेलं. घरात पीठ नसतं आणि आहेरात पाचवं भिंतीवरचं घड्याळ येतं. आहेर वाईट असं मी म्हणत नाही. पोलिओचा डोस असाच दारात आला आणि २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त ठरला. पण वहीत घड्याळं मोजली जातात. पिठाचं कुणी विचारत नाही.

जामखेडला डॉक्टर रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये काम सुरू केलं, तेव्हा लोकांना विचारलं. त्यांनी आधी पाणी आणि अन्न मागितलं. तिथून सुरुवात झाली, आणि गावातल्याच बायका आरोग्यसेविका झाल्या. प्राथमिक आरोग्यसेवेच्या १९७८ च्या अल्मा-आटा जाहीरनाम्यानेही लोकांच्या सहभागाची हीच वाट दाखवली. पुढच्याच वर्षी काही तज्ज्ञांनी ती महागडी ठरवली आणि लस, जलसंजीवनी अशी मोजक्या उपायांची यादी पुढे केली. पुन्हा आहेरच!

हैतीत काम केलेले पॉल फार्मर डॉक्टरही होते आणि मानववंशशास्त्रज्ञही. क्षयरोगी गोळ्या चुकवतो म्हणून त्याला रागावण्याआधी त्याच्या घरात खायला काय आहे ते बघा, असं ते कळकळीने सांगत. पुन्हा सांगते, आधी विचारा.

ऊसतोडीला जाणाऱ्या आपल्या बायकांना कोण विचारतं? उचल, मुकादम, कोयता हे तुम्हाला समजावून सांगायला नको. पाळीत एक दिवस बसली तरी खाडा पडतो, पैसे कापले जातात. कोपीजवळ ना संडास, ना धड पाणी. अंगावरून जातं म्हणून दवाखान्यात गेली, तर तिशीतच गर्भपिशवी काढायचा सल्ला मिळतो. बीडमधल्या अशा शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या समितीने चौकशी केली. जगाचं उद्दिष्ट काय, तर २०३० पर्यंत लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यू ७० च्या खाली. ते व्हायलाच हवं. पण बाळंतपणं उरकलेली, पिशवी गमावलेली ही बाई त्या आकड्यात बसतच नाही. तिचं दुखणं पिशवीत किती आणि खाड्यात किती?

आशाताई, सिस्टर, डॉक्टर, यंदा ऊसतोडीच्या गाड्या भरण्याआधी तपासणी कराल तेव्हा हिमोग्लोबिन बघाच. पण एका खाड्याला किती रुपये कापतात तेही विचारा, आणि केसपेपरवर लिहा.